माईक निर्दोष आहे, केबलची चौकशी करा

‘ताई, आम्ही पाच मित्र मिळून वीस मिनिटांची फिल्म करतोय. मला कॅमेरा येत नाही, अभिनय त्याहून येत नाही, म्हणून साउंड माझ्या गळ्यात पडला. शनिवार पेठेत एका मित्राच्या मामांचा वाडा आहे, तिथे तीन दिवस शूट झालं. सामान सगळं भाड्याचं: छोटा रेकॉर्डर, गन माईक, सात मीटरची केबल आणि दोन वायरलेस कॉलर माईक. माजघरातल्या सीनला गन माईकवर सतत ‘हूंऽऽ’ येत होतं, चौकात तोच माईक एकदम स्वच्छ. सेल दीड तासात संपतात म्हणून आत ॲडॉप्टर लावला होता, आणि एडिटला सोपं जावं म्हणून रेकॉर्डरमधून एक वायर कॅमेऱ्याला दिली होती. दुसऱ्या दिवशी बूम (गन माईक लावलेली लांब काठी) फिरवला की मध्येच ‘खर्र’, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा सुरू. काकूंच्या पदराखाली लावलेला कॉलर माईक त्यांनी पाठ फिरवली की गायब. तिसऱ्या दिवशी बापलेकाचं भांडण घेतलं. त्यात वडिलांचा आवाज डब्यातून आल्यासारखा, आणि मोठ्या वाक्यांवर फाटलेला. आवाजाचा मीटर एकदाही लाल झाला नव्हता, शपथ. ‘माईक बिघडवलात’ म्हणून दुकानदाराने डिपॉझिटमधले चार हजार कापले. दिग्दर्शक म्हणतो, डब करू, आणि उरलेला दिवस मोबाईलवर घेऊ. येत्या शनिवारी शेवटचं शूट आहे. मी सोडून देऊ का?’
— हेडफोनवाला, कर्वेनगर

हेडफोनवाल्या,

सोडायचं की नाही ते शनिवारनंतर ठरव. त्याआधी एक फोन कर, आणि तो आजच कर. दुकानात विचार, की त्या कॉलर माईकच्या ट्रान्समीटरची, म्हणजे आवाज हवेतून पाठवणाऱ्या डबीची, मेमरी कुणी पुसली आहे का. हल्लीच्या, कपड्याला चिमट्यासारख्या अडकवायच्या काही वायरलेस सेटमध्ये ट्रान्समीटर स्वतःच्या पोटातही रेकॉर्डिंग करत राहतो. तुमच्या सेटला ती सोय असेल आणि ती चालू राहिली असेल, तर काकूंची सगळी वाक्यं त्या डबीत शाबूत असतील. आवाज हरवला तो डबीपासून रेकॉर्डरपर्यंतच्या वाटेवर. डबीपर्यंत तो नीटच पोचला होता. मात्र जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहिणारी मॉडेलं असतात, आणि तो सेट एव्हाना कुणाच्या तरी बारशाला जाऊन आला असेल. म्हणून आजच.

फोन झाला? आता बाकीचं.

तुझ्या पत्रात निदान चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि तू, दुकानदार नि दिग्दर्शक अशा तिघांनी मिळून त्या सगळ्यांना एकच नाव देऊन टाकलंय: माईक खराब. पण माईकच्या बाजूची साक्ष तूच लिहून पाठवली आहेस. माजघरात हूं, चौकात स्वच्छ. खोली बघून बिघडणारा माईक मी तरी अजून पाहिलेला नाही.

घरातले दिवे गेले की आपण काय करतो? आधी खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघतो. तिकडेही अंधार असेल तर निवांत मेणबत्ती शोधतो. तिकडे दिवे असतील तर आपल्या मीटरपाशी जातो, मग एमसीबी, मग त्या एका खोलीचं बटण. बल्ब आधी कुणी बदलत नाही. साउंडच्या बिघाडाला हीच चाल लागू पडते. माईक, केबल, रेकॉर्डरचं सॉकेट, गेन (आवाज किती वाढवायचा ते बटण), कार्ड, हेडफोन अशी ओळ असते. ओळीच्या मधोमध जाऊन विचारायचं, बिघाड अलीकडे आहे की पलीकडे? रेकॉर्डरच्या सॉकेटला दुसरा, खात्रीचा माईक त्याच्या केबलसकट लावला आणि आवाज सुधारला, की सॉकेटपासून पुढची अर्धी ओळ निर्दोष सुटली. नाही सुधारला, की माईककडची अर्धी. मग उरलेल्या अर्ध्या ओळीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर कानाने खात्री करायची. घाबरलेला माणूस एकदम तीन गोष्टी बदलतो. आवाज सुधारतो, पण कशाने सुधारला ते कळत नाही आणि तासाभराने तो बिघाड पुन्हा हजर होतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. भोरच्या बाजूला एका वाड्यात शूट होतं, मी या धंद्यात नवी होते. सकाळपासून कानात चरचर. मी माईक बदलला, केबल बदलली, रेकॉर्डरचं दुसरं चॅनल घेतलं, सगळ्यांचे फोन गोळा करून ओसरीवर परातीत ठेवायला लावले. नायिका दागिने घालून दोन तास बसून. शेवटी असिस्टंटने माझ्याच हेडफोनची वायर हाताने सरळ केली आणि चरचर थांबली. रेकॉर्डिंग पहिल्यापासून स्वच्छ होतं, वायर तुटली होती ती माझ्या कानाशी. तेव्हापासून पहिली तपासणी हीच: दहा सेकंद रेकॉर्ड करायचं, कार्ड काढून दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या हेडफोनने ऐकायचं. तुझी खर्र एडिटच्या टेबलावरही ऐकू येते आहे, म्हणजे तुझे कान सुटले.

आता माजघर. ‘हूं’ हा शब्द तू बरोबर लिहिलास, आणि तो ऐकूनच मी निम्मं ओळखलं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, तिचा थेट शिरकाव झाला की असा खालच्या सुरातला, तंबोरा बिघडल्यासारखा आवाज येतो. तोच आवाज झिणझिणीत, ‘झर्र’ असा असेल तर डिमर, पंख्याचा रेग्युलेटर किंवा स्वस्तातली एलईडीची माळ बघायची. टिक-टिक-टर्र असा तुटक असेल तर कुणाचा तरी फोन. टू-जीवर गेलेला फोन सेकंदाला साधारण २१७ झटके देतो, तेच आपल्याला टर्र म्हणून ऐकू येतात. बिघाडाला नाव देण्याआधी त्याचा आवाज तोंडाने काढून बघावा. लोक हसतात, पण काम होतं.

तुझ्या ‘हूं’चे दोन संशयित आहेत आणि दोघांची नावं पत्रातच आहेत: ॲडॉप्टर आणि कॅमेऱ्याला दिलेली वायर. रेकॉर्डर एका प्लगवर, कॅमेरा बहुधा दुसऱ्या प्लगवर, आणि मध्ये दोघांना जोडणारी तुझी वायर. दोन्ही प्लगची अर्थिंगची तार कुठेतरी जाऊन मिळते, आणि त्या वायरीमुळे वर्तुळ पुरं होतं. त्या वर्तुळातून विजेचा थोडासा प्रवाह फिरत राहतो आणि तो तुझ्या काकूंच्या संवादाखाली गुणगुणतो. जुन्या वाड्यात वायरिंग तीन पिढ्यांनी तीन वेळा ओढलेलं असतं, अर्थिंग एका खोलीत असतं, दुसऱ्यात नुसतं नावाला. चौकात तू सेलवर होतास, वर्तुळ नव्हतं, हूं नव्हतं.

तरी माझ्या अंदाजावर जाऊ नकोस, करून बघ. माजघरात सगळं पहिल्यासारखं जोड, हूं ऐक. आधी फक्त ॲडॉप्टर काढ. गेलं? तर पुन्हा लाव आणि या वेळी फक्त कॅमेऱ्याची वायर काढ. तरीही गेलं, तर वर्तुळच होतं. वायर काढूनही राहिलं, तर ॲडॉप्टर एकटाच दोषी. दोन मिनिटांचं काम आहे. उपायही तिथेच कळतो: रेकॉर्डर सेलवर किंवा पॉवर बँकवर ठेवायचा आणि कॅमेऱ्याला वायर द्यायचीच नाही. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकवर येईल तो पायलट ट्रॅक (नुसता जुळवणीपुरता आवाज) आणि एक नीट वाजवलेला क्लॅप एडिटला पुरे होतो. एक मात्र कधीही करू नकोस. सेटवर कुणीतरी जाणता भेटतोच, जो म्हणतो, ‘प्लगची तिसरी पिन काढून टाक, आवाज जाईल.’ आवाज जातो खरा, पण उद्या यंत्रात बिघाड होऊन धातूच्या भागात वीज उतरली तर तिला जमिनीकडे जायला तुझ्या हाताशिवाय वाट उरत नाही.

सेलचं सांगते. गन माईकला चालायला रेकॉर्डरकडून ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माईकला जाणारी वीज) लागतो, आणि तो त्या चिमुकल्या सेलमधूनच ओढला जातो. सीनच्या मधल्या वेळात, चहाच्या वेळात फँटम बंद ठेव. चार्जिंगचे सेल वापरत असशील तर त्यांचे व्होल्ट १.२ असतात, साध्या अल्कलाइनचे १.५. रेकॉर्डरच्या मेनूत सेलचा प्रकार बरोबर निवडला नसेल तर सेल शिल्लक असतानाही ‘संपलं’ दिसतं किंवा संपत आलेले भरलेले दिसतात. पॉवर बँक घेणार असशील तर ती आदल्या दिवशी घरी लावून बघ. काही बँका कमी वीज ओढली जातेय म्हणून आपणहून झोपी जातात, आणि काही स्वतःच बारीक शिट्टी घालतात.

आता खर्र. यात मला सगळ्यात रस आहे, कारण तुझे चार हजार इथे अडकलेत. बूम फिरवला की खर्र, मग शांत, मग सुरू. हालचालीने येणारा आणि हालचालीने जाणारा बिघाड जवळजवळ नेहमीच केबलच्या मानेशी असतो, जिथे वायर कनेक्टरमध्ये शिरते तिथे. बूम धरणारा मुलगा केबल रॉडला न गुंडाळता माईकपाशी लोंबती ठेवत असेल, तर प्रत्येक वळणाला त्या मानेला हिसका बसतो. शिवाय केबल कोपर आणि पंजा यांच्यात दोरीसारखी गुंडाळायची आपल्याकडे रीतच आहे. आतल्या तारांना पीळ पडतो, आणि तो पीळ शेवटी सोल्डरवर येतो.

केबलमध्ये तीन तारा असतात. एक नंबर म्हणजे बाहेरची जाळी. दोन आणि तीन नंबरवर तोच आवाज, एकीवर सुलट आणि एकीवर उलट. वाटेत शिरलेली घरघर दोघींत सारखीच शिरते, पलीकडे गेल्यावर रेकॉर्डर एकीतून दुसरी वजा करतो, घरघर कटते आणि आवाज उरतो. फँटमसुद्धा याच दोन तारांवरून माईककडे जातो आणि जाळीवरून परत येतो. यातली कुठलीही तार अर्धवट तुटली की माईकची वीज चालू-बंद किंवा कमी-जास्त होते, आणि त्याचाच तो खर्र. मग सगळे माईककडे बोट दाखवतात.

तपकीर गल्लीत एक साधा मल्टीमीटर घे, तीन-चारशे रुपयांत येतो. त्यावर बझरची खूण असते तिथे काटा ने. केबल रेकॉर्डरमधून आणि माईकमधून सोडवून घे. एका टोकाच्या एक नंबरच्या पिनेवर एक सुई, दुसऱ्या टोकाच्या एक नंबरवर दुसरी. सलग ‘पीऽऽ’ आला पाहिजे. आता मित्राला सुया धरायला सांग, आणि तू केबलची मान अंगठ्याने हळूहळू चारी दिशांना वाकव. ‘पीऽऽ’चा ‘पी-पीपी-पी’ झाला की चोर सापडला. मग दोन, मग तीन. कनेक्टरचा मागचा भाग फिरवून उघडला तर आत दिसेलच: एखाद-दुसऱ्या केसाएवढ्या तारेवर लोंबकळणारी जाळी, आणि सोल्डरचा काळपट, भेगाळलेला थेंब. पाच मिनिटांचं काम आणि सोल्डर गनची थोडी सवय, एवढंच लागतं. माईक मात्र लावताना-काढताना फँटम बंद असू दे आणि हेडफोन कानावर नको. तो ठोका कानाला बरा नसतो.

तुमचं शूट ऑगस्टमधलं, म्हणून एक पोटशंका. एसी गाडीतून माईक काढून थेट दमट खोलीत नेला तर तोही फुटाणे फुटल्यासारखा आवाज करतो. सामान तासभर आधी खोलीत नेऊन ठेवावं, आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पण तुझा आवाज बूम फिरवल्यावर येत होता, त्यामुळे माझा संशय केबलवरून हलत नाही.

काकूंची पाठ. तुमचे कॉलर माईक बहुधा २.४ गिगाहर्ट्झचे असणार. तिथेच वायफाय, तिथेच ब्लूटूथ, म्हणजे लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या रविवारी चालण्यासारखं. त्यात माणसाचं अंग म्हणजे मुख्यतः पाणी, आणि या लहरींना पाणी आवडत नाही. डबी छातीशी, तिचा आवाज पकडणारा रिसीव्हर कॅमेऱ्यावर, काकूंनी पाठ फिरवली की मध्ये अख्ख्या काकू. वाड्याच्या हातभर जाड भिंतींचं आणखी वेगळंच. रिसीव्हर कॅमेऱ्यावर बसवायलाच हवा असा काही नियम नाही. काकू वळून जिकडे तोंड करणार, तिकडे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, उंचावर, कोनाड्यात ठेव. किंवा वेगळा बारीक माईक लावून डबी मागे कमरेला खोच. सेटवरचे फोन नुसते सायलेंटवर नाही, फ्लाइट मोडवर. मामांचा राउटर सीनपुरता बंद करायला सांग, मामा क्रिकेट बघत नसतील तेव्हा. पदराच्या सळसळीसाठी औषधाच्या दुकानातला मायक्रोपोर टेप आण, माईकच्या वर-खाली चिकट बाजू बाहेर ठेवून त्याचे छोटे त्रिकोण लाव, म्हणजे कापड माईकवर घासायचं थांबतं. रेशमी साडी असेल तर काकूंना सुती नेसायला सांगणं सगळ्यात स्वस्त, पण ते वेशभूषावालीला आवडणार नाही.

आता वडील. मीटर लाल झाला नाही ही तुझी शपथ मला मान्य आहे, आणि गंमत तिथेच आहे. मीटर तुझ्या रेकॉर्डरचा. आवाज फाटला तो त्याच्या आधी, ट्रान्समीटरच्या गेनवर. पातेल्यात दूध नासलं असेल तर कपात अर्धंच ओतून काय होणार? तू रेकॉर्डरवर लेव्हल कमी ठेवलीस, मीटर हिरवा राहिला, फाटलेला आवाज मात्र इमानेइतबारे रेकॉर्ड झाला. म्हणून लेव्हल लावायची ती तोंडाकडून सुरुवात करून. नटाला सांगायचं, भांडणातलं सगळ्यात मोठं वाक्य खरोखरच्या जोरात म्हण. ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ नको, त्या आवाजात कुणी बापाशी भांडत नाही. आधी ट्रान्समीटरचा गेन त्या वाक्याला न फाटेल इतका खाली आण. मग रिसीव्हरमधून येणारा आवाज रेकॉर्डरच्या माईक सॉकेटला जातोय की लाइनला (दुसऱ्या यंत्राकडून येणाऱ्या तगड्या आवाजाच्या सॉकेटला) ते बघ. लाइनचा तगडा आवाज माईकच्या सॉकेटला दिला तरी असाच फाटतो. सगळ्यात शेवटी रेकॉर्डरवर साधं बोलणं उणे २० डेसिबलच्या आसपास आणि ओरडणं उणे १२ ते १० पर्यंत ठेव. २४ बिटवर (आवाजाची बारीक नोंद ठेवणाऱ्या सेटिंगवर) रेकॉर्ड करत असशील तर आवाज हळू वाटला तरी काही जात नाही, नंतर वाढवता येतो. तुझा कुणी मित्र सांगेल की ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर घे, त्यात काही फाटतच नाही. रेकॉर्डरमध्ये फाटत नाही, हे खरं. ट्रान्समीटरमध्ये फाटून आलेलं त्यालाही शिवता येत नाही.

आणि डब्यातला आवाज? एडिटमध्ये बूमचा ट्रॅक बंद करून फक्त कॉलर ऐक, मग उलट. दोन्ही एकेकटे ठीक असतील तर बिघाड कुठेच नाही, दोघांना एकत्र वाजवलंय एवढंच. कॉलर माईक तोंडापासून वीतभर, बूम मीटरभर. ते ८० सेंटीमीटर कापायला आवाजाला साधारण २.३ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या उशिराने तोच आवाज दोनदा ऐकवला की काही सूर एकमेकांना खातात: पहिला खड्डा २१५ हर्ट्झच्या जवळपास आणि पुढे दर ४३० हर्ट्झवर एकेक. वायरलेस सेटचा स्वतःचा उशीर धरला तर आकडे सरकतील, खड्डे राहतीलच. एका वेळी एकच माईक वाजव, किंवा क्लॅपचं टोक जुळवून एक ट्रॅक बारीक सरकव. तू रेकॉर्डरवर दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर घेतले असशील तर हे आज रात्री घरबसल्या सुटेल. एकत्र मिसळून घेतले असशील तर खड्डे बुजत नाहीत, आणि मग तुझा दिग्दर्शक काही अंशी बरोबर ठरतो.

काही अंशी म्हणाले. डबिंग वाईट नाही, पण पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या तुमच्या वडिलांना बंद खोलीत काचेसमोर उभं करून तोच संताप पुन्हा काढायला लावशील, तर ते बातम्या वाचतील. त्याऐवजी शनिवारी त्यांना तासभर वाड्यावर बोलाव. त्याच जागी, मुलगा समोर उभा, कॅमेरा बंद, बूम तोंडाच्या अगदी वर. फाटलेली वाक्यं तीन-तीनदा म्हणवून घे. याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. ओठांशी जुळवायला एडिटरला थोडे कष्ट पडतात, पण आवाज त्याच भिंतींचा येतो आणि रागही खरा येतो. निघण्याआधी माजघर, ओसरी, चौक, तिन्ही ठिकाणची मिनिटभर शांतता रेकॉर्ड कर. सगळ्यांना जागच्या जागी उभं राहायला लावून. ठिगळं जोडायला तेच कापड लागतं.

हे सगळं दिग्दर्शकाला सांगणार कोण, हा तुझा खरा प्रश्न आहे, पत्रात तू तो विचारलेला नाहीस. खर्र झाली तेव्हा तू हात वर केला होतास का? माझा अंदाज, नाही. लाइट जात होता, सगळे घाईत होते, तू ‘एडिटमध्ये बघू’ म्हणालास. तुमचं सगळ्यांचंच वय असं, की दिसतं त्याला मान आणि ऐकू येतं त्याला ‘बघू’. बोलपट नवे होते तेव्हा हॉलिवूडमध्ये कॅमेऱ्याची घरघर माईकला ऐकू जायची म्हणून कॅमेरा, कॅमेरामनसकट, बंद खोक्यात कोंडत असत. साउंडवाल्याचा तो थाट पुन्हा येणार नाही. पण कोल्हापूरहून १९३३ साली पुण्यात आलेल्या प्रभातच्या जागेत, लॉ कॉलेज रोडवर, आज फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंडचा वेगळा अभ्यासक्रम शिकवतात, आणि तिथेच शिकलेल्या रसूल पुकुट्टींना २००९ साली ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं, एवढं दिग्दर्शकाला चहा पिताना सांगायला हरकत नाही. शनिवारी पहिल्या शॉटच्या आधी ठरवून घे: ‘कट’नंतर सगळे तुझ्याकडे बघणार, तू अंगठा वर केला तरच पुढे. नाही केला तर कारण एका वाक्यात सांगायचं. ‘आवाज खराब आहे’ हे कारण होत नाही. ‘तिसऱ्या वाक्यावर रिक्षा गेली’ हे कारण आहे. दिग्दर्शकाला ते पटतं, कारण त्यावर त्याला निर्णय घेता येतो.

वेळही आत्ताच ठरवा. शनिवार पेठ म्हणजे नदी हाकेवर, आणि गणपतीच्या आधीच्या दिवसांत संध्याकाळी काठावर ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की जगातला कुठलाही गन माईक तुला वाचवू शकत नाही. संवादाचे सीन सकाळी सात ते अकरा. पाऊस आला आणि वाड्याला पत्र्याची पडवी असली, तर तेवढा वेळ न बोलायचे शॉट. माजघराच्या शेजारी फ्रिज असेलच, तो सीनपुरता बंद कर आणि बंद करताना तुझ्या गाडीची किल्ली आत ठेव. रात्री किल्ली शोधताना फ्रिज आठवतो, आणि मामींचं दूध वाचतं.

राहिले चार हजार. शुक्रवारी संध्याकाळी सामान आणायला जाशील तेव्हा मल्टीमीटर खिशात ने. भांडू नकोस. ‘काका, तीच केबल आणि तोच माईक देता का, इथेच बघू’ एवढंच म्हण. माईक दुसऱ्या केबलवर लाव, रेकॉर्डरला जोड, फँटम चालू कर, काकांनाच हेडफोन दे आणि माईक हलवून दाखव. मग जुनी केबल लाव आणि मान वाकव. काउंटरवर खर्र ऐकू आली की पुढचं संभाषण सोपं जाईल. केबलचे पैसे मागितले तर एका कनेक्टरचे द्यायची तयारी ठेव, ती हिसके खाऊन तुमच्याच हातात तुटली असेल. इथून पुढे सामान घेताना आणि परत करताना प्रत्येक केबल, प्रत्येक माईक काउंटरवरच रेकॉर्ड करून बघायचा आणि त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवायचा. दुकानदारालाही ते बरंच वाटतं.

कनेक्टर उघडला की फोटो पाठव. खर्रनंतर क्षणभर सगळं शांत व्हायचं म्हणतोस, त्यावरून मी एक नंबरची, जाळीची तार धरून बसले आहे. दोन किंवा तीनची निघाली तर तेही कळव.